कारवानीचं पिल्लू हाक ऐकतं, पण येत नाही, तेव्हा

कारवानी ही आपल्याकडची शिकारी कुत्र्यांची जात. तिच्या पिल्लाला हाक मारली की ते मान वळवतं. म्हणजे ऐकू आलेलं असतं. एक नजर तुमच्याकडे, एक तुमच्या हाताकडे, एक कुंपणावरच्या सरड्याकडे, आणि मग स्वारी सरड्याकडे. लॅब्रेडॉर सांभाळलेल्या माणसाला हा सरळसरळ उद्धटपणा वाटतो आणि त्याचा आवाज चढतो. पिल्लाने मात्र फक्त हिशोब केलेला असतो, आणि त्यात सरडा जास्त किमतीचा ठरलेला असतो. हा हिशोब आपल्या बाजूने कसा फिरवायचा, तेवढ्यापुरतंच हे लिखाण आहे.

मुळात हे कुत्रं असं का, ते आधी बघू. सोलापूर, सांगली-जत, लातूर आणि पलीकडे विजापूर-बागलकोटच्या माळरानांवर ही जात पिढ्यान्‌पिढ्या शेतवस्त्यांवर वाढली. केनेल क्लब ऑफ इंडिया तिची नोंद कारवान हाउंड म्हणून करतो, कर्नाटकात मुधोळ म्हणतात, कानाशेपटीला झुबकेदार केस असतील तर पश्मी. काम एकच होतं: लांबवर हललेलं जनावर नजरेने टिपायचं आणि पळून गाठायचं. ससा वळला की कुत्रा वळायचा, मालक तोवर शेतभर मागे राहिलेला. हुकूम द्यायला कुणी जवळ नसायचंच, त्यामुळे स्वतः ठरवणारा कुत्राच कामाचा ठरला आणि त्याचीच पैदास झाली. लॅब्रेडॉर माणसाने पाडलेला पक्षी आणून देण्यासाठी घडवला गेला; तो प्रत्येक गोष्टीत माणसाच्या तोंडाकडे बघतो. कारवानी बघत नाही, बघायची सवय त्याला आपण लावायची असते.

‘या जातीला शिकवता येत नाही’ हे मात्र खोटं. मेरठला लष्कराच्या जनावरांचं काम बघणाऱ्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात २०१६ साली लष्कराने मुधोळची पिल्लं प्रशिक्षणासाठी घेतली होती. शिकतात. फक्त एकच गोष्ट वीस वेळा करून दाखवायची हौस त्यांना नसते.

आणि शिकारीचं म्हणाल तर तो विषय संपलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सशावर, चिंकाऱ्यावर किंवा काळविटावर कुत्रा सोडणं हा गुन्हा आहे, आणि ‘तो आपणहून पळाला’ हा बचाव मालकाच्या कामी येईलच असं नाही. म्हणजे ज्या कामासाठी कुत्रा जन्मला, ते करू न देता त्याला आयुष्यभर समाधानी ठेवायचंय. शिक्षणाची गरज इथून सुरू होते.

घरी आणण्याचं वय आणि पहिले आठवडे

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. चावा किती जोरात घ्यायचा हे ते भावंडांकडून शिकतं, आणि लवकर तोडलेलं पिल्लू नंतर हाताला जास्त लागतं. पण फार उशीरही नको. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत जे दिसतं, ऐकू येतं, पायाखाली लागतं ते पिल्लाला आयुष्यभर ‘नेहमीचं’ वाटतं. कारवानी मुळातच परक्या माणसाला अंग लावू न देणारी जात आहे. हे आठवडे कोठीत किंवा गोठ्यात साखळीला गेले, तर दीड वर्षाने दाराशी येणाऱ्या प्रत्येकावर भुंकणारा कुत्रा मिळतो आणि मग तो ‘राखणदार’ म्हणून मिरवला जातो. तो राखण करत नसतो, घाबरलेला असतो.

अडचण अशी की याच वयात पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाची, भीती सर्वात जास्त. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांना सुरू होतं, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, आणि साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत मालिका चालते; रेबीजची लस तीन महिन्यांची. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून भटक्या कुत्र्यांच्या वाटेवर पिल्लू जमिनीवर सोडायचं नाही. घरात डांबायचंही नाही. ते कडेवर घ्या, पिशवीत घ्या, स्कूटरवर पुढे कुणाच्या तरी मांडीवर बसवा आणि फिरवा. बाजार, एसटी स्टँड, शाळा सुटतानाचा गोंगाट, पिठाची गिरणी, ढोलपथकाचा सराव लांबून. दहा मिनिटं पुरतात. प्रत्येक नव्या गोष्टीला एक तुकडा खाऊ. खाऊ घेणं बंद झालं की आवाज फार जवळ आहे असं समजायचं आणि मागे सरायचं.

अनोळखी माणसाने पिल्लाच्या डोक्यावर हात ठेवायचा नाही. त्याने बाजूला उभं राहायचं, पिल्लाकडे न बघता जमिनीवर तुकडा टाकायचा आणि निघून जायचं. लोकांना हे जमत नाही, ‘काही करत नाही हो, मला कुत्र्यांची सवय आहे’ म्हणत ते वाकतातच. अशा वेळी पिल्लाची बाजू घ्यायची आणि पाहुण्यांना थोडं वाईट वाटू द्यायचं.

खाऊ: काय, केवढा, कधी

नजरेने शिकार करणाऱ्या बहुतेक कुत्र्यांसारखी कारवानीची पिल्लं खाण्यात चोखंदळ असतात. रोजचं कोरडं खाद्य घरातल्या सोप्या कामाला चालतं. बाहेर, शेळ्यांच्या कळपासमोर, त्याला कवडीची किंमत नसते. म्हणून आधी पसंती काढून घ्या. पाच-सहा पदार्थांचे तुकडे थोड्या थोड्या अंतरावर ठेवा आणि पिल्लू कुठे आधी जातं ते दोन-तीन वेळा बघा. उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, पनीर, उकडलेली कलेजी, बिनमिठाची सुकी मासळी यांतलं काहीतरी हमखास वर येतं. कलेजी सर्वांना आवडते, पण तिच्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं, म्हणून आठवड्यातून एक-दोनदाच. रश्श्यातलं चिकन धुऊनसुद्धा देऊ नका. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना मारक आहेत. मनुका, द्राक्षं, चॉकलेट आणि झायलिटॉल असलेली बिनसाखरेची च्युइंगम या विषारी वस्तू घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा.

तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा. नवखा माणूस हमखास बोराएवढा तुकडा देतो. पिल्लू चावत बसतं, धडा तुटतो आणि पाचव्या तुकड्याला पोट भरतं. तीस-चाळीस ग्रॅम उकडलेल्या चिकनचे भरपूर तुकडे निघतात आणि दिवसाला तेवढं पुरे. बाकीचं बक्षीस त्याच्या रोजच्या खाद्यातूनच द्यायचं: सकाळच्या वाट्यातलं अर्धं खिशात, अर्धं ताटलीत. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांवर जाऊ देऊ नये.

उपाशी ठेवलं की ऐकतं, असं जुनी माणसं सांगतात. ऐकू नका. दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं. उपाशी पिल्लू तुमच्या हाताकडेच बघत राहतं, डोकं चालवत नाही. कारवानीच्या दोन-तीन बरगड्या दिसणं ही त्याची ठेवणच आहे, त्यामुळे ‘किती वाळलंय’ म्हणणाऱ्यांचंही ऐकून जास्त भरवू नका.

खाऊइतकंच मोठं दुसरं बक्षीस आहे, ते म्हणजे पाठलाग. बहुतेक लोक हे वापरतच नाहीत. चार फुटांची बांबूची काठी, तिला पाच-सहा फूट सुताची दोरी, दोरीच्या टोकाला जुन्या कापडाची चिंधी. चिंधी जमिनीवरून सशासारखी थांबत-पळत न्यायची. पिल्लाचं ऐकणं झालं की बक्षीस म्हणून पंधरा-वीस सेकंद पाठलाग, आणि तीनातून एकदा तरी चिंधी त्याला पकडू द्यायची. कधीच न मिळणाऱ्या गोष्टीमागे हुशार कुत्रं दुसऱ्या आठवड्यात धावणं सोडून देतं. चिंधी हवेत उंच उडवायची नाही, झटकन उलटी फिरवायची नाही. हाडांची वाढ वर्षभर तरी चालू असते आणि उड्या व तीव्र वळणं सांध्यांना बाधतात. फरशीवर तर हा खेळ नकोच. माती किंवा गवत.

खुणेचा आवाज

पिल्लाने बरोबर केलं त्या क्षणी एक ठरावीक छोटा आवाज आणि लगेच, सेकंदाभरात, तुकडा. क्लिकर (दाबल्यावर टक वाजणारी छोटी डबी) घ्या किंवा जिभेने टाळूवर ‘टक्‌’ करा. ‘हां’, ‘छान’, ‘अरे वा’ असे शब्द घेऊ नका. घरात दिवसभर ते फोनवरही बोलले जातात आणि त्यांची किंमत राहत नाही. पहिल्या दिवशी काहीच शिकवायचं नाही: टक्‌, तुकडा, टक्‌, तुकडा, दहा-पंधरा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. टक्‌ ऐकून पिल्लाने चटकन तुमच्याकडे तोंड फिरवलं की खूण पक्की.

इथे चूक एकच आणि ती जवळपास सगळे करतात: आवाजाच्या आधीच हात खिशाकडे जातो. मग पिल्लू आवाज शिकतच नाही, हात बघायला शिकतं, आणि हात रिकामा दिसला की निघून जातं. हात पोटाशी स्थिर ठेवा, आवाज करा, मग हात हलवा.

एका वेळचा धडा दोन-तीन मिनिटांचा, दिवसातून पाच-सहा वेळा. अर्धा तास सलग घेतला तर आठव्या मिनिटाला पिल्लू जमीन हुंगायला लागतं, जांभया देतं, ओठ चाटतं, कान खाजवतं. लोक याला हट्ट म्हणतात. हा थकवा किंवा ताण असतो. एक अगदी सोपी गोष्ट करून घ्या, तुकडा द्या, सोडून द्या. पिल्लू उठून जायच्या आधी धडा आपण संपवायचा, म्हणजे पुढच्या वेळी ते आपणहून येतं.

‘बस’चा अट्टहास सोडा

कुत्र्याला पहिल्यांदा ‘बस’ शिकवायचं अशी पद्धत आहे. कारवानीत ती उलटी पडते. लांब पाय, मांड्यांचे भरीव स्नायू आणि अंगावर चरबी नाही, त्यामुळे कडक फरशीवर पुठ्ठे टेकून बसणं या कुत्र्यांना अवघड जातं. अर्धवट टेकून ती उठतात. मालक कंबर दाबतो, पिल्लू अंग चोरतं आणि शिकवणी म्हणजे अंगाला हात लावणं असं त्याच्या डोक्यात बसतं.

त्याऐवजी गोधडी शिकवा. जुनी गोधडी दुमडून तीन फूट बाय दोन फूट करा आणि जमिनीवर टाका. पिल्लाने तिच्याकडे नुसतं बघितलं तरी टक्‌ आणि तुकडा गोधडीवर. मग एक पाय पडला की टक्‌. मग चारही पाय. मग शब्दच न वापरता वाट बघा. ते कंटाळून आडवं होईल, त्या क्षणी टक्‌ आणि एकामागून एक चार-पाच तुकडे त्याच्या पंजांमध्ये ठेवा. तुकडा हातातून दिला तर ते उठून येतं, म्हणून गोधडीवरच ठेवायचा. दहातून आठ वेळा आपणहून आडवं व्हायला लागल्यावरच ‘जागेवर’ हा शब्द जोडा. आधी शब्द आणि मग कृती असा क्रम लावला की पिल्लू उभं राहून ‘जागेवर’ ऐकत राहतं आणि त्या शब्दाचा अर्थ त्याच्या लेखी ‘उभं राहा’ असा होतो.

वेळ वाढवताना पाच सेकंद, आठ, चार, बारा, सहा असं कमीजास्त करा. दर वेळी वाढतच गेलं तर ते पिल्लाला कळतं आणि ते काढता पाय घेतं. ही गोधडी डॉक्टरांकडे, पाहुण्यांच्या घरी, गाडीत सगळीकडे नेता येते आणि नव्या जागी पिल्लाला आपली जागा मिळते.

हाकेला येणं

कारवानीत यावर जितकी मेहनत घ्याल तितकी कमी. खांद्याला सव्वादोन फुटांच्या आसपास उंच होणारा हा कुत्रा काही सेकंदांत दोनशे मीटर लांब असतो, आणि मधे रस्ता असू शकतो.

‘ये’ हा शब्द वापरू नका. घरात ‘ये गं’, ‘ये रे’, ‘जेवायला ये’ दिवसभर चाललेलं असतं. शिट्टी सर्वात बरी: ती सगळ्यांच्या हातात सारखीच वाजते आणि तिच्यात राग ऐकू येत नाही. दोन छोट्या फुंका, एवढंच.

पहिला आठवडा घरातच, दोन मीटरवरून. पिल्लू आधीच तुमच्याकडे येत असताना शिट्टी, पोहोचल्यावर टक्‌, आणि तुकडा तुमच्या पायाशी. मग दोन माणसं ओसरीच्या दोन टोकांना बसून आळीपाळीने बोलवा, सहा-सात फेऱ्या, बस्स. दुसऱ्या खोलीतून. मग अंगणात, तेही कोंबड्या डालल्यावर. दहातून नऊ वेळा येत नसेल तर अंतर किंवा गडबड कमी करा. पुढच्या पायरीवर घाई केली की मागच्याही पायऱ्या ढासळतात.

हे चालू असताना काही गोष्टी पाळायच्याच. एकदाच वाजवा. तीनदा वाजवून तिसऱ्याला आल्यावर खाऊ दिला तर पिल्लू प्रामाणिकपणे ‘तिसऱ्याला जायचं’ हेच शिकतं. ते येणार नाही असं दिसत असेल तर वाजवूच नका, चालत जाऊन घेऊन या. आंघोळ, नखं कापणं, बांधणं, खेळ संपवणं यांपैकी कशासाठीही शिट्टी वाजवायची नाही. आणि दहा वेळा बोलावलं तर नऊ वेळा गळपट्ट्याला हात लावून, तुकडा देऊन परत खेळायला सोडा. ‘गेलो की मजा संपते’ हा निष्कर्ष एकदा निघाला की तो पुसायला महिने जातात. उशिरा आलेल्या पिल्लाला रागावणं तर सर्वात महागात पडतं. त्याच्या दृष्टीने शिक्षा उशीर केल्याची नसते, येण्याची असते.

याशिवाय एक राखीव हाक ठेवा, फक्त जीवावर बेतल्यावर वापरायची. वेगळाच शब्द घ्या, एरवी तोंडात न येणारा. सरावासाठी दिवसातून एकदा, पिल्लू दोन पावलांवर असताना तो उच्चारा आणि मग पंधरा-वीस तुकडे एकेक करत अर्धा मिनिट भरवत राहा. वस्तू एरवी कधीच न मिळणारी; कलेजीचे आठवड्यातले एक-दोन दिवसही याच वेळी. या हाकेचा पगार कधीही कमी करायचा नाही, कुत्रा आठ वर्षांचा झाला तरी.

दोरी, पट्टा आणि बकऱ्या

कारवानीचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं. कुत्रा मागे सरकला की साधा गळपट्टा एका झटक्यात निघतो, आणि तो घट्ट केला तर घसा दाबतो. मार्टिंगेल घ्या: ओढल्यावर ठरावीक मापापर्यंतच आवळणारा, दीड-दोन इंच रुंद पट्टा. आवळल्यावरही दोन बोटं आत जायला हवीत. चोक चेन घेऊ नका. या बारीक मानेवर आणि पातळ कातडीवर ती इजा करते.

मोकळ्या माळावर दहा मीटरची लांब दोरी, आणि ती नेहमी हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याला. गळ्याला लांब दोरी लावून कुत्रा पूर्ण वेगात टोकाला पोहोचला तर मानेला गंभीर इजा होते. दोरी सपाट विणीची असावी, गोल नायलॉनची हातातून सरकताना तळवा सोलून काढते. टोकाला फास नको, तो बाभळीच्या खोडात अडकतो. बटण दाबून आत जाणारी लीश कारवानीला देऊ नये. तिची प्लास्टिकची मूठ हातातून सुटून मागे आपटत आली तर कुत्रा तिलाच घाबरून पळत सुटतो.

चालताना दोरी ताणली की थांबायचं, ढिली झाली की टक्‌ आणि तुकडा आपल्या पायाशेजारी, मग पुढे. पहिल्या दिवसांत अर्ध्या तासात घरापासून कोपऱ्यापर्यंतही जाणं होत नाही. त्यात काही बिघडत नाही. मात्र घरातल्या एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने फरफटत जायचं असं झालं तर ओढण्याला कधीतरी फळ मिळतंच, आणि कधीतरी मिळणारं फळ कुत्रं सर्वात चिकाटीने मागतं.

शेळ्या, मांजरं, कोंबड्या यांचं गणित अंतराचं आहे. कळपापासून तीस मीटरवर उभे राहा. पिल्लाने कळपाकडे बघितलं की टक्‌. हो, बघितलं म्हणूनच. ते तुकड्यासाठी वळेल. पुन्हा बघेल, पुन्हा टक्‌. आठ-दहा वेळा झालं की बहुतेक पिल्लं कळपाकडे बघून आपणहून तुमच्याकडे बघायला लागतात; आपल्याला नेमकं हेच हवं होतं. मग पाच मीटर पुढे. टक्‌ ऐकूनही मान वळली नाही, कान ताठ, शेपटी स्थिर, पुढचा एक पाय उचललेला, श्वास जणू थांबलेला, म्हणजे तुम्ही फार जवळ आलात. त्या वेळी चिकन नाकाशी धरून उपयोग होत नाही. अर्धवर्तुळ काढून मागे फिरा. काही कुत्री आयुष्यभर दहा मीटरच्या आत निर्धास्त होत नाहीत, आणि त्यांना तिथे नेऊन परीक्षा बघण्याचं कारणही नसतं.

उन्हाळ्यात हे सगळं सकाळी सातच्या आत. हाताची मागची बाजू सात सेकंद डांबरावर टिकत नसेल तर पिल्लाचे पंजेही टिकत नाहीत.

चावणं, चोरणं, शी-शू

चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पिल्लू जे दिसेल ते चावतं. हाताला दात लागले की ओरडू नका, पाठलाग करणाऱ्या जातीला ओरडणं हा खेळ वाटतो. उठून दाराबाहेर जा, पंधरा-वीस सेकंदांनी परत या. चघळायला ओला करून पिळून फ्रीझरमध्ये ठेवलेला सुती रुमाल किंवा थंड गाजर द्या, पण समोर बसून.

चप्पल पळवली की मागे धावू नका. पाठलाग हे त्याचं सर्वात लाडकं बक्षीस आहे आणि तुम्ही ते फुकट वाटताय. चिकनचा तुकडा दाखवा, तोंड उघडलं की ‘सोड’, तुकडा द्या, आणि वस्तू निरुपद्रवी असेल तर ती परतही द्या. हिसकावून घेतलेल्या पिल्लाला वस्तू गिळून टाकण्याची किंवा तिच्यावर गुरगुरण्याची सवय लागते.

शी-शूसाठी झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि जागं असताना दर दोन तासांनी एकाच जागी न्या; झाल्या झाल्या तिथेच तुकडा, घरात परतल्यावर नव्हे. घरात झालेलं एन्झाइमच्या क्लीनरने पुसा. फिनेल नको, ते पंजांवरून जिभेवर जातं. नाक घासायची पद्धत अजून ऐकू येते. तिने पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करायची नाही, आणि मग ते पलंगाखाली जातं.

डॉक्टरांच्या तपासणीची सवयही याच काळात लावा: कान धरला, तुकडा, पंजा दाबला, तुकडा, ओठ वर केला, तुकडा. रोज एक मिनिट. आणि डॉक्टरांना कुत्रा सडपातळ जातीचा आहे हे भूल देण्याआधी आवर्जून सांगा, कारण थायोपेंटालसारख्या औषधांतून ही कुत्री फार सावकाश शुद्धीवर येतात.

सहा महिन्यांनंतर

सहाव्या महिन्यापासून वर्ष-दीड वर्षापर्यंत शिकलेलं पिल्लू एकाएकी बहिरं झाल्यासारखं वाटतं. काल दहातून नऊ वेळा येणारं आज चार वेळा येतं. बहुतेक मालक इथे हात उगारतात किंवा पिल्लाला कायमचं बांधून टाकतात. करायचं ते साधं आहे: लांब दोरी परत लावा, अंतर अर्ध्यावर आणा, खाऊ पुन्हा प्रत्येक वेळी द्या. घरातल्या सोप्या कामांचा खाऊ हळूहळू विरळ करत न्यायला हरकत नाही, कधी तिसऱ्या वेळी, कधी पाचव्या, मधल्या वेळी नुसता शब्द. शिट्टीचा खाऊ मात्र विरळ करू नका.

फाटकाचंही आत्ताच बघा. कडीला हात लावला आणि पिल्लू मागेच थांबलं, टक्‌. कडी काढली, थांबलं, टक्‌. फट उघडली, पुढे आलं, तर फट बंद. चार-पाच दिवसांत ते कडीचा आवाज ऐकून दोन पावलं मागे सरकतं. भिंत पाच फुटांची असेल तर तिच्यालगत ठेवलेली पिंपं आणि विटांचा ढीग हलवा, त्यावर चढून ते जातं.

आणि इतकं करूनही एक दिवस दोरी हातातून सुटेल आणि ससा उठेल. तेव्हा ओरडत मागे धावू नका, चार गाड्या घेऊन शोधायलाही निघू नका. त्या गडबडीने कुत्रा आणखी लांब जातो. पाठलाग संपला की ही कुत्री बऱ्याचदा जिथून निघाली तिथेच परत येतात. एक माणूस त्याच जागी थांबवा, गोधडी जमिनीवर टाका, रस्ता असेल त्या बाजूला दुसरा माणूस उभा करा आणि थोड्या थोड्या वेळाने राखीव हाक द्या. गळपट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला आधीपासून असला पाहिजे. कुत्रा परत आला की उकिडवे बसा, बाजूला तोंड करून, आणि खिशात असेल नसेल तो सगळा खाऊ त्याला द्या. पंजे, पोटाखालची कातडी आणि मांड्यांच्या आतली बाजू तपासा. तारेच्या कुंपणाने झालेली चीर या पातळ कातडीत लांबवर फाटते आणि केस आखूड असूनही लगेच दिसत नाही. पाणी थोडं थोडं पाजा, धाप पूर्ण थांबेपर्यंत जेवण नको. पुढचे दोन आठवडे फिरणं दहा मीटरच्या दोरीवर, आणि त्या माळाच्या दुसऱ्या टोकाला.